रिलॅक्सर सोडायचा आहे, पण केस एकदम कापू की हळूहळू वाढवू?

ह्यूस्टनहून एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्यांचे वडील केनियाचे, आई पुण्याची. बालपण आणि शिक्षण पुण्यात, आता वय ३४, नोकरी अमेरिकेत. आईला मुलीचे केस आवरेनात म्हणून बाराव्या वर्षी आत्याने नैरोबीहून रिलॅक्सरचा, म्हणजे कुरळे केस रसायनाने कायमचे सरळ करणाऱ्या क्रीमचा, डबा आणला. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी मुळांना टचअप, म्हणजे नव्याने वाढलेल्या केसांना पुन्हा तेच लावणं, चालू आहे. आता त्यांना ते थांबवायचं आहे. केस खांद्याखाली आहेत. ते एकदम कापावेत की वर्षभर थांबावं? मूळचे केस परत येतील, की इतक्या वर्षांत तेही बदलले असतील? ऑफिसात काय म्हणतील? डिसेंबरात पुण्यात मावसभावाचं लग्न आहे, तोवर तरी थांब, असं आई म्हणते, तिला काय सांगू? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: टाळूवर मधूनमधून चुरचुरतं, तिथले केस जरा विरळ वाटतात, ते रिलॅक्सरमुळेच असेल ना?

ताई, तुमचं हे शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. वैद्यकीय शिक्षण मुंबईत झालं, प्रॅक्टिस मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टनला लागून असलेल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत. इथे बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची आहे आणि माझ्याकडे केसांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेक जणी कृष्णवर्णीय आहेत. माझे स्वतःचे केस सरळ आहेत. त्यामुळे डोक्याच्या त्वचेबद्दल मी सांगते ते डॉक्टर म्हणून, आणि केस कसे हाताळावेत हे सांगते ते माझ्या रुग्णांकडून आणि त्यांच्या केस करणाऱ्या बायकांकडून शिकलेलं.

कापू की वाढवू हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्यात चुकलात तरी फारसं बिघडत नाही. केस पुन्हा वाढतात. टाळूवरची चुरचुर आणि विरळपणा यांचं तसं नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये, विशेषतः तिशी-चाळिशीत, एक आजार दिसतो. त्याचं नाव सेंट्रल सेंट्रिफ्युगल सिकॅट्रिशियल अलोपेशिया, आम्ही सीसीसीए म्हणतो. तो टाळूच्या मध्यापासून सुरू होतो आणि गोलाकार बाहेर पसरत जातो. केसाच्या मुळाभोवती दाह होतो, मग तिथे व्रण तयार होतो आणि केस उगवण्याचं छिद्रच बुजतं. बुजलेल्या छिद्रातून पुन्हा केस येत नाही. सुरुवातीची लक्षणं फार साधी असतात: चुरचुर, खाज, हात लावला की हुळहुळणं, त्वचेखाली काही सरपटल्यासारखं वाटणं, टाळूवरचे केस मुळापासून थोड्या अंतरावर तुटणं. कित्येकींना तर काहीच जाणवत नाही, केस करणाऱ्या बाईंच्याच ते आधी लक्षात येतं.

तुम्हाला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. डोकं न बघता ते कुणीच सांगू शकणार नाही. कोंड्यामुळे, सोरायसिसमुळे, नुसत्या रासायनिक भाजण्यामुळेही चुरचुरतं. लोह कमी असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल तरी केस विरळ होतात. पण 'रिलॅक्सरमुळेच असेल' असं धरून, तो सोडला की आपोआप बरं होईल म्हणून वाट बघणं मला धोक्याचं वाटतं. या आजाराला १९६८ साली हॉट कोम्ब अलोपेशिया असं नाव दिलं गेलं होतं, म्हणजे दोष तापवलेल्या कंगव्याच्या माथी मारला होता. पुढे लक्षात आलं की कधीच गरम कंगवा किंवा रिलॅक्सर न वापरलेल्या स्त्रियांनाही तो होतो. २०१९ मध्ये काही रुग्णांत पीएडीआय-३ या जनुकातले बदल सापडले. केसाची दांडी नीट घडायला लागणारं एक विकर या जनुकातून तयार होतं. म्हणजे आतला कल आणि बाहेरचा मारा असे दोन्ही धागे त्यात असू शकतात. बाहेरचा मारा थांबवणं चांगलंच, पण आतला दाह चालू असेल तर त्याला औषध लागतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घ्या. वेळ घेतानाच विचारा की या डॉक्टरांकडे कृष्णवर्णीय रुग्ण नियमित येतात का. हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका. जाताना वीव्ह (शिवून जोडलेले केस), विग, जोडलेल्या वेण्या काही नको, केस धुतलेले आणि मोकळे असावेत. डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, टाळू बघायला सांगा. डॉक्टरांना शंका वाटली तर ते चार मिलिमीटरची छोटी बायोप्सी सुचवतील, त्याला घाबरू नका, निदान त्यानेच पक्कं होतं. आजार निघालाच तर लावायची किंवा टोचायची स्टेरॉइड्स, दाह कमी करण्यासाठी डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला केसांच्या वाढीसाठी मिनॉक्सिडिल असे उपचार असतात. गेलेलं सगळं परत आणणं हा त्यांचा हेतू नसतो, उरलेलं वाचवणं हा असतो. म्हणून लवकर जाण्याला एवढी किंमत आहे. आरशासमोर पाठमोरं बसून कुणाकडून तरी टाळूचा फोटो काढून घ्या, भांग त्याच जागी आणि उजेड तोच ठेवून महिन्याने पुन्हा काढा. वेळ मिळायला उशीर लागला तर हे फोटो डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात.

आता केसांकडे वळू. मूळचे केस परत येतात का? रिलॅक्सर डोक्याबाहेर आलेल्या केसावर काम करतो. जुन्या पद्धतीच्या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कॉस्टिक सोडा. 'नो-लाय' (कॉस्टिक सोड्याविना) म्हणून जो विकतात त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट एकत्र कालवून ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार करतात. दोन्हींचा पीएच १२ च्या वर जातो, म्हणजे दोन्ही तीव्र क्षार आहेत. केसातल्या केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे गंधकाचे बंध असतात. रिलॅक्सर ते तोडतो आणि त्यांच्या जागी वेगळाच, एका गंधकाचा बंध बसतो. हा बदल त्या केसापुरता कायमचा असतो. कुठलाही कंडिशनर, कुठलंही तेल, कुठलंही महागडं 'कर्ल परत आणणारं' क्रीम तो उलटवू शकत नाही. अशा बाटल्यांवर पैसे घालवू नका. नो-लाय आहे म्हणून तो निरुपद्रवी असंही समजू नका. त्वचेला थोडा कमी झोंबतो, पण केसावर कॅल्शियमचा थर बसून केस अधिक कोरडा पडतो.

केसाचा कुरळेपणा मात्र ठरतो त्वचेच्या आत, वळलेल्या मुळात. तिथे व्रण झालेला नसेल तर नवा केस तुमच्या स्वभावाचाच येतो, रिलॅक्सर २२ वर्षं लावलेला असो की दोन. पण तो बाराव्या वर्षाच्या आठवणीसारखाच असेल असं नाही. वयाने, हार्मोन्सने, बाळंतपणाने केसाचा पोत बदलतो. शिवाय एकाच डोक्यावर दोन-तीन पोत असणं अगदी नेहमीचं आहे: मानेपाशी मोकळी वेटोळी, टाळूवर घट्ट, कानांवर जवळजवळ सरळ. तुमच्या बाबतीत आईकडचा आणि वडिलांकडचा वारसा कसा मिसळला आहे हे आधी कुणी सांगू शकणार नाही. आणि जोवर खाली रिलॅक्स केलेल्या केसांचं वजन लोंबत आहे, तोवर वरच्या नव्या केसाची खरी वळणं दिसतही नाहीत. म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांत 'माझे केस असेच भकास आहेत' असा निकाल लावू नका. टू-ए, फोर-सी वगैरे केसांच्या वळणाचे जे प्रकार सांगतात, त्यातही फार गुंतू नका. केस जाड आहे की बारीक आणि पाणी पटकन शोषतो की नाही, या दोन गोष्टींवरून निगा जास्त ठरते.

मग कापावं की थांबावं? आधी वाढीचा हिशेब करू. आफ्रिकी वंशाच्या केसांची वाढ दिवसाला सरासरी पाव मिलिमीटरच्या आसपास मोजली गेली आहे. म्हणजे महिन्याला पाऊण सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त, वर्षाला नऊ सेंटिमीटर. युरोपीय केस त्याच काळात चौदा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. त्यामुळे 'महिन्याला अर्धा इंच' हे सगळीकडे छापलेलं गणित तुम्हाला लावू नका, निराश व्हाल. आणि हे नऊ सेंटिमीटर ताणून मोजलेले आहेत. घट्ट कुरळा केस सुकला की आक्रसतो, ताणलेल्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी दिसतो. वर्षभर थांबूनही कापल्यावर डोक्यावर दिसेल तो छोटा गोल अफ्रोच. हे आधी ठाऊक असलेलं बरं, कारण बऱ्याच जणी वर्षभर कष्ट काढतात आणि शेवटच्या दिवशी 'एवढेच?' म्हणून खचतात.

दोन्ही मार्गांनी चांगले केस झालेले मी पाहिले आहेत. एकदम कापणं, ज्याला बिग चॉप म्हणतात, त्यात एका दिवसाचा धक्का असतो आणि पुढचं सगळं सोपं जातं. एकच पोत, कमी गुंता, कमी वेळ. हळूहळू वाढवण्यात लांबी हाताशी राहते, पण रोजची मेहनत दुप्पट होते. कारण प्रत्येक केसावर एक सांधा तयार होतो. त्याच्या वर कुरळा, मजबूत नवा केस. खाली सरळ, रसायनाने अशक्त केलेला जुना. विरलेल्या लुगड्याला कोरं कापड जोडलं की फाटतं ते शिवणीलगतच्या जुन्या बाजूला, तसंच इथे होतं. नवा भाग जितका लांब होतो तितका त्या सांध्यावरचा ताण वाढतो. सहा-आठ महिन्यांनी सिंक केसांनी भरायला लागतं, ते बहुधा गळणं नसतं, सांध्यावरचं तुटणं असतं. ओळखायचं कसं? केस उचलून बघा. एका टोकाला पांढरा कण असेल तर मुळापासून गळला, नसेल तर तुटला. तुटलेले जास्त दिसले तर तुमचे केसच सांगत आहेत की आता कापा.

माझं मत विचाराल तर ते टाळूच्या तपासणीवर अवलंबून आहे. आजार निघाला, तर एकदम कापा. औषध त्वचेपर्यंत नीट पोचतं, आजार पसरतोय का ते दिसतं आणि ताण, ओढ, उष्णता या तिन्हींपासून त्या जागेला विश्रांती मिळते. टाळू निरोगी निघाली, तर ज्यात तुमचा जीव कमी कासावीस होईल ते करा. मधला मार्गही आहे: सहा महिने वाढवायचे, दर दोन महिन्यांनी दोन-तीन सेंटिमीटर टोकं कापत यायचं आणि हनुवटीपर्यंत आले की उरलेलं एकदाच कापून टाकायचं. माझ्याकडच्या बऱ्याच जणींना हे झेपतं. पूर्ण दीड-दोन वर्षं दोन पोत सांभाळणं मात्र ज्यांना आठवड्याला तीन-चार तास केसांना देता येतात त्यांनीच करावं.

रोजच्या निगेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुण्यात वाढलेल्या मुलीच्या हाताला लागलेल्या सवयी इथे उलट्या पडतात. आपल्याकडे कोरडे केस मुळापासून टोकापर्यंत फणीने विंचरतात. हे केस कोरडे असताना विंचरूच नका. पाण्याने ओले करा, भरपूर कंडिशनर लावा, केसांचे चार-सहा भाग करून बांधा, मग एकेक भाग सोडून आधी बोटांनी आणि नंतर मोठ्या दात्यांच्या कंगव्याने गुंता काढा. सुरुवात टोकाकडून करायची आणि हळूहळू वर यायचं. सांध्यापाशी आलात की तो सांधाच चिमटीत धरा, म्हणजे ओढ मुळाला आणि सांध्याला बसत नाही. ही एवढी एक सवय लागली तर अर्धं तुटणं थांबतं. घाईच्या सकाळी हे होत नाही, त्यासाठी सुट्टीचा दिवस ठेवा. इथे त्याला 'वॉश डे' म्हणतात आणि तो खरोखर अर्धा दिवस खातो.

धुणं आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी एकदा पुरे. त्वचेतलं तेल वेटोळ्यांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून हे केस मुळात कोरडे असतात, रोज धुतले तर तुटतील. पण महिना महिना न धुणंही चुकीचं, कोंडा आणि खाज वाढते. सौम्य शाम्पू त्वचेला, कंडिशनर केसाला. मग ओलसर केसांवरच लीव्ह-इन (लावून न धुण्याचा) कंडिशनर, त्यावर थोडं तेल किंवा क्रीम. ओलावा पाण्यातून येतो, तेल फक्त तो धरून ठेवतं. रात्री साटनची टोपी घाला किंवा साटनचा अभ्रा वापरा, सुती अभ्रा ओलावा ओढून घेतो आणि घासतो.

आईचं खोबरेल तेल? ते टाकून देऊ नका. मुंबईतच मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाली, बाकी दोन तेलांनी नाही. रिलॅक्स केलेल्या केसात प्रथिनं आधीच कमी, त्यामुळे धुण्याच्या आदल्या रात्री केसांच्या लांबीवर खोबरेल लावणं मला पटतं. मात्र लांबीवर, त्वचेवर नाही. चुरचुरणाऱ्या, खपल्या धरणाऱ्या टाळूवर तेल जिरवून चोळणं, ज्याला आपण चंपी म्हणतो, ते निदान होईपर्यंत पूर्ण बंद ठेवा.

दोन पोत एकसारखे दिसावेत म्हणून नव्या मुळांना दर आठवड्याला सपाट इस्त्री फिरवणं हा या वाटेवरचा सगळ्यात मोठा सापळा आहे. जास्त उष्णतेने वळण कायमचं जातं. वर्षभर सोसून शेवटी जे कापायचं असतं तसलेच केस पुन्हा तयार होतात. त्याऐवजी दोन्ही पोत कुरळे करून जुळवा: ओल्या केसांच्या दोन-पेडी पिळा रात्री घालून सकाळी सोडा, किंवा मऊ रोलरवर गुंडाळा. मुळं आणि टोकं एकाच वळणाची दिसतात आणि नुकसान काही नाही.

बारीक वेण्या, ज्यात कृत्रिम केस जोडतात, त्या हळूहळू वाढवण्याच्या काळात फार सोयीच्या आहेत, पण दोन अटींवर. घट्ट नकोत आणि सहा-आठ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत. वेण्या घातलेल्या रात्री डोकं दुखलं, कपाळाच्या कडेला पुटकुळ्या आल्या, तर 'सवय होईल' म्हणू नका, त्या सैल करून घ्या किंवा सोडून टाका. कपाळाच्या कडेचे केस ओढीने जातात, त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. केप टाउन विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञ नॉनह्लान्हला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या शाळकरी मुलींचा आणि मोठ्या स्त्रियांचा अभ्यास करून दाखवलं की रिलॅक्स केलेल्या केसांवर अशी ओढ बसली की धोका आणखी वाढतो. तुमच्या डोक्यावर आत्ता नेमकी हीच जोडी आहे, म्हणून एखाद्या मैत्रिणीला चाललं तेवढं ताणलेलं तुम्हाला चालेलच असं नाही. विग घालणार असाल तर गोंदाने चिकटवू नका, पट्टीचा घ्या. इथल्या दुकानांत 'इंडियन रेमी' म्हणून जे महाग केस मिळतात, त्यातले कितीतरी तिरुमलाच्या देवस्थानात भाविकांनी अर्पण केलेले, लिलावात विकलेले असतात. पुण्यात वाढलेल्या माणसाला ते कळलं की वाईट वाटतं, असं मला काही जणींनी सांगितलं आहे. वापरावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. केस खोटे की खरे यापेक्षा खालची टाळू आठवड्याला मोकळी होते का, हे मी बघते.

पार्लरमध्ये तुम्हाला मधला उपाय म्हणून दोन गोष्टी सुचवल्या जातील. टेक्सचरायझर म्हणजे कमी वेळ ठेवलेला रिलॅक्सरच, त्याने सोडणं होत नाही. केराटिन ट्रीटमेंटमध्ये बऱ्याचदा फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रव्यं असतात, तापवल्यावर त्याची वाफ तुमच्या आणि ते करणाऱ्या बाईंच्या नाकात जाते. तेही नको.

तुम्ही विचारलं नाही, पण रिलॅक्सर सोडायचं म्हणणाऱ्या निम्म्या जणींच्या मनात कर्करोगाची भीती असते, म्हणून तेही सांगते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 'सिस्टर स्टडी'चा निष्कर्ष आला. ३३,४९७ स्त्रियांचा जवळजवळ ११ वर्षं पाठपुरावा केलेला होता. ज्यांनी केस सरळ करणारी उत्पादनं कधी वापरली नाहीत त्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघालं. 'दुप्पट धोका' ही बातमी खरी आहे, आणि वारंवार वापरणाऱ्या शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जणींना तो होत नाही हेही तितकंच खरं आहे. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्याने कारण सिद्ध होत नाही. पण तुम्ही वर्षाला सहा टचअप करता, म्हणजे 'वारंवार' या गटात बसता. सोडण्याचं हे एक रास्त कारण आहे. घाबरून जाण्याचं नाही. पाळीच्या मध्ये रक्तस्राव, पाळी फार जास्त किंवा फार दिवस जाणं, असं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला रिलॅक्सरच्या वापराची माहिती देऊन दाखवा. पॅप टेस्ट गर्भाशयाच्या मुखासाठी असते, ती चांगली आली म्हणजे हेही तपासून झालं असं होत नाही.

ऑफिसबद्दल. तुम्ही टेक्ससमध्ये आहात. तिथे क्राउन कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. वंशाशी जोडलेला केसांचा पोत आणि वेण्या, पिळा, जटा यांसारख्या केशरचना यांवरून नोकरीत, शाळेत, घरभाड्यात भेदभाव करायला त्यात मनाई आहे. पहिला असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. संपूर्ण देशासाठीचं विधेयक प्रतिनिधीगृहात २०२२ मध्ये मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं. या कायद्यांची गरज का पडली, तर २०१६ मध्ये अलाबामातल्या एका खटल्यात अपील न्यायालयाने म्हटलं की जटा हे बदलता येण्याजोगं लक्षण आहे, त्यामुळे त्या कापायला नकार दिला म्हणून नोकरी नाकारणं हा वांशिक भेदभाव ठरत नाही. कायदा पाठीशी आहे, पण साहेबाच्या नजरेतला बदल कायद्याने होत नाही, हेही माझ्या रुग्णांकडून ऐकते. ज्या बँकेत, वकिलांच्या कचेरीत आहेत त्यांपैकी बऱ्याच जणी कापणं शुक्रवारी उरकतात, शनिवार-रविवार आरशाची सवय करतात आणि सोमवारी कुणाला काही स्पष्टीकरण न देता कामाला बसतात. तुमच्या ऑफिसात आधीपासून कुणी नैसर्गिक केसांची असेल तर तिच्याशी बोला, तिथलं हवामान तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तुमच्या आत्याने काही वाईट केलं नाही. १९५४ मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी कंपनी काढली आणि त्यानंतर पार्लरमधला रिलॅक्सर घरोघर पोचला, तेव्हा कृष्णवर्णीय बाईला नोकरी मिळण्यासाठी, मुलीला शाळेत कुणी चिडवू नये म्हणून हाच रस्ता समोर होता. आजही माझ्याकडच्या काही जणी सगळं समजून-उमजून रिलॅक्सर चालू ठेवतात. त्यांना मी टचअपमधलं अंतर वाढवायला, फक्त नव्या मुळांनाच लावायला आणि त्वचेला इजा असताना न लावायला सांगते. तुम्ही नैसर्गिक केसांकडे गेलात आणि दोन वर्षांनी नको वाटलं, तरी त्यात कमीपणा नाही.

राहिला आईचा आणि लग्नाचा प्रश्न. आपल्याकडच्या जुन्या बाईला मुलीचे कापलेले केस बघवत नाहीत, यात नुसती हौस नसते. केशवपनाच्या गोष्टी त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेल्या असतात. आखूड केस म्हणजे काहीतरी अशुभ घडलं, हे मनात खोल बसलेलं असतं. म्हणून आईला 'फॅशन' म्हणून सांगू नका, डॉक्टरांनी टाळू जपायला सांगितलं असं सांगा. ते खरंही आहे आणि आईला पटेलही. त्यांना व्हिडिओ कॉलवर गुंता सोडवण्याची पद्धत एकदा दाखवा. लहानपणी तुमच्या डोक्याशी त्यांची जी झटापट झाली, त्यात दोघींना दोष नव्हता, त्यांच्या हाताला हे केस कुणी शिकवलेच नव्हते. पुण्याला गेल्यावर एक दिवस त्यांच्यापुढे पाठ करून बसा आणि त्यांना करू द्या.

लग्नासाठी टचअप करून मग सोडू, असं मात्र करू नका. सहा महिने मागे जाल आणि चुरचुरणाऱ्या टाळूवर पुन्हा क्षार पडेल. टाळू ठीक असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तर निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी सैल, मध्यम जाडीच्या वेण्या घालून घ्या. प्रवासात, हळदीला, लग्नाला त्यांना काही करावं लागत नाही. अंबाडा घालायचा तर मानेपाशी, सैल. गजरा पिनांनी त्वचेलगत न खोचता वेण्यांमध्येच दोऱ्याने गुंफा. टाळूचा आजार निघाला तर वेण्या नकोत. आखूड केसांना थोडं जेल लावून, कडेला एक अबोलीचा वळेसर माळा, नऊवारीवर तो सुरेख दिसतो. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात वेण्या सोडा, केस धुवा आणि टाळूचा पुढचा फोटो काढा.